पावाने पुसलेली प्लेट

वहिनीच्या तोंडाची चव गेली तो सोमवार होता, आणि सोमवारी बिस्त्रो बंद असतं म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. चार दिवस ताप होता. ताप उतरला, अंग हलकं झालं, तिने चहाचा पहिला घोट घेतला, तर नुसतं गरम पाणी. साखर विसरले वाटतं, म्हणून तिने साखर घातली. मग अजून घातली. मग डब्यातली चिमूटभर साखर थेट जिभेवर ठेवली, तर वाळू. लसणाची पाकळी कचकन चावली, ती झोंबली तेवढी, पण लसूण काही आला नाही. कॉफीच्या डब्यात नाक खुपसलं. शून्य. नाक आणि जीभ दोघंही न सांगता रजेवर गेली होती.

आता दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर एवढं बिघडलं नसतं. शिंप्याची चव गेली म्हणून सदरा आखूड होत नाही. पण वहिनी सांभाळत होती स्वयंपाकघर, आणि तेही फ्रेंच. बारा टेबलांचं कोपऱ्यावरचं बिस्त्रो, म्हणजे छोटी फ्रेंच खानावळ, दारात खडूने लिहिलेला फळा, फळ्यावर रोज तेच पाच-सहा पदार्थ: कांद्याचं सूप, लोण्यातला मासा, मोहरीच्या सॉसमधली कोंबडी, बटाट्याचे थर, शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. हे सगळं तिच्या नवऱ्याचं. तो ऐन तारुण्यात एका फ्रेंच उस्तादाच्या हाताखाली नऊ वर्षं राबला होता, मग बहिणीला सोबत घेऊन इथे त्याने हे थाटलं. तो आत, बहीण बाहेर. वहिनी दुसऱ्या वर्षी कांदे चिरायला आली आणि तिसऱ्या वर्षी त्याची बायको झाली.

चार वर्षांपूर्वी तो गेला. बसल्या जागी, हृदय बंद पडून. मागे ना वही ठेवली ना कागद. जे काही होतं ते वहिनीच्या जिभेवर होतं. त्याने चाखायला दिलेलं, तिने लक्षात ठेवलेलं. तेवढ्या भांडवलावर तिने चुलीचा ताबा घेतला, आणि खोटं कशाला बोला, झकास चालवलं. विशेषतः सूप. कांदा तो पार काळ्याच्या उंबरठ्यापर्यंत न्यायचा, करपला करपला म्हणेपर्यंत पातेलं उतरवायचा. ती वेळ डोळ्यांनी कळत नाही, नाकाला कळते. वहिनीच्या नाकाला कळायची. त्या पातेल्यावर वाकलं की तिला तो मागे उभा आहे असं वाटायचं, आणि हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लोक हसतील.

उरली नणंद. हिला वहिनी लग्नानंतर थट्टेने 'वन्सं' म्हणायला लागली, मग बिस्त्रोत येणारी सगळीच मंडळी वन्सं म्हणायला लागली, आणि आता तिचं खरं नाव विचारलं तर तिलाही क्षणभर थांबावं लागेल. बाई कामाला वाघ. टेबलं पुसणं, ऑर्डरी घेणं, वाढणं, माल मागवणं, सगळं एकटी. तोंड मात्र असं, की भाजीवाला तिला लांबून पाहिलं तरी जुड्या आपणहून मोठ्या करायचा. भाऊ असताना त्याने तिला स्वयंपाकघराची पायरी चढू दिली नव्हती. "तू बाहेर बोल," म्हणायचा, "आत मला बोलू दे." जागा तिच्या नावावर होती. भाऊ गेल्याच्या पंधराव्या दिवशी तिने वहिनीला सरळ सांगितलं होतं, "बघू. जमलं तर तू, नाही तर आचारी आणू." जमलं. पण ते 'नाही तर' वहिनीच्या कानात चार वर्षं तसंच बसून होतं.

म्हणून तिने ठरवलं, वन्संना ताकास तूर लागू द्यायची नाही. दुसऱ्या भागातल्या डॉक्टरकडे ती गुपचूप जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, चव येते परत, कधी महिन्यात येते, कधी वर्षात. आणि मग ते उगाचच पेनचं टोपण लावत-काढत बसले, त्यावरून वहिनी काय ते समजली.

कांदा रंगावर जमवता येत होता, निदान तसं तिला वाटत होतं. मासा हाताला कळतो, कोंबडी घड्याळाला कळते. नडलं ते मीठ. मीठ तिने जन्मात मोजून घातलं नव्हतं. चाखायचं, घालायचं, पुन्हा चाखायचं. आता चाखणं गेलं आणि हात गोंधळला. घातलं की नाही, घातलं तर पुरेसं की नाही. चमचा घेऊन बसली तरी किती चमचे हे कुणी सांगायचं?

तेव्हा तिला घड्याळजी आठवले.

हे काका म्हणजे बिस्त्रोची जुनी खूण. साठ वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आता दुकान बंद, बायको नाही, मुलगी लांब. रोज बाराच्या ठोक्याला येणार, खिडकीजवळच्या टेबलावर बसणार. गर्दी साडेबाराला, त्यामुळे अर्धा तास अख्खं बिस्त्रो त्यांचं एकट्याचं. जिभेचे एकदम कडक. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी खुद्द दादाच्या, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याच्या, हातचं सूप परत पाठवलं होतं, "आज तुझं लक्ष नव्हतं," असं म्हणून, आणि दादाने ते चाखून कान पकडले होते. त्या दिवसापासून दादा त्यांची प्लेट परत आली की आधी बघायचा. फ्रेंच उस्तादाने शिकवलेलं: माणूस तोंडाने काही बोलो, प्लेट खोटं बोलत नाही. सॉस ठेवला तर तुझं चुकलं. पावाने पुसून घेतला तर तू जिंकलास.

झालं तर मग. पहिली प्लेट काकांची. ती वाढायच्या खिडकीतून पुसून परत आली की मीठ बरोबर, बाकीच्यांना सोडायला हरकत नाही. अर्धा तास हातात होताच. पहिल्या दिवशी वहिनीने भीत भीत कमीच घातलं. प्लेट चकचकीत परत आली. वहिनीने ती छातीशी धरली, खोटं नाही.

पण दुपारी वन्सं आत डोकावल्या. "वहिनी, पाच नंबर म्हणतोय अळणी आहे."

"अळणी? बरं, बघते हं वन्सं."

दुसऱ्या दिवशी तिने हात जरा सैल सोडला. काकांची प्लेट चकचकीत. मग अजून थोडा. चकचकीत. कुणी काही बोललं की वहिनी मनात म्हणायची, अहो तुम्ही काल आलात, काका पंचवीस वर्षं येतायत. तिसऱ्या आठवड्यापासून बाकीच्या टेबलांच्या प्लेटा अर्ध्या भरलेल्या यायला लागल्या. दवाखान्यातली परिचारिका एका जेवणात तीनदा पाणी मागायला लागली. वन्संनी आधी पाववाल्याला झापलं, पावात एवढं मीठ घालतात का म्हणून. तो बिचारा शपथा घेत राहिला. मग चीजवाल्याची पाळी आली. मग मात्र बोलायला कुणी उरलं नाही आणि वन्सं गप्प झाल्या. वन्संच्या बोलण्याला वहिनी कधी भ्यायली नव्हती. या गप्प बसण्याला भ्यायली.

पाचव्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, वन्संनी वाढायच्या खिडकीपाशी एप्रनची गाठ मारता मारता सांगितलं, "आज तीन वाजता एक आचारी येणार आहे. स्वयंपाकघर बघायला."

वहिनीच्या हातातली सुरी थांबली. "कशाला?"

"कशाला म्हणजे? मंगळवारी नऊ माणसं जेवली, वहिनी. नऊ. त्यातल्या चौघांनी अर्धं टाकलं. तुझं लक्ष कुठे आहे ते मला माहीत नाही, आणि तू सांगत नाहीस. मी तरी किती दिवस बघत राहू?"

"काकांची प्लेट रोज पुसून येते," वहिनी म्हणाली. तिला स्वतःलाच ते केविलवाणं वाटलं.

"एका काकांवर बिस्त्रो चालत नाही," वन्सं म्हणाल्या आणि फळा पुसायला गेल्या.

त्या दिवशी वहिनीने काय काय केलं ते ऐका. कांदे तिने दीड तास परतले, पातेल्यासमोरून हलली नाही. सुपात मीठ घातलं, थांबली, आणखी एक चिमूट घातलं. आचाऱ्याला दाखवायला एखादा पदार्थ तरी ताजा हवा म्हणून नव्याने कस्टर्ड लावलं. वाट्यांच्या तळाला कॅरॅमल आदल्या संध्याकाळीच ओतून ठेवलं होतं. दूध, अंडी, वाटीभर साखर, की भट्टीत. आता दोन डबे शेजारी शेजारी, दोन्ही स्टीलचे. आजवर मीठ यायचं जाडं, खड्यांचं, त्यामुळे झाकण उघडलं की दिसायचं. या खेपेला दुकानदाराने बारीक पाठवलं होतं आणि वन्संनी डब्यात भरून खिडकीतून आत सरकवलं होतं. दुसरी कुणीही बाई कणभर जिभेवर टाकून बघते. वहिनीने ती सवय पाच आठवड्यांपूर्वीच सोडली होती, उपयोग काय?

बाराच्या ठोक्याला काका आले. सूप गेलं. वाडगा पुसून आला. वहिनीला हायसं वाटलं. मग तिने त्यांना थंड केलेलं कस्टर्ड पाठवलं, सगळ्यांत आधी, नेहमीप्रमाणे. तीही वाटी परत आली, तळाचं कॅरॅमलसुद्धा पावाने निपटून घेतलेलं.

"बघा," तिने वाटी वन्संसमोर धरली. "बघा तरी!"

वन्सं दुसरी वाटी घेऊन खिडकीच्या कट्ट्याला बाहेरून टेकल्या. गर्दीआधी उभ्या उभ्या एक कस्टर्ड, हा त्यांचा रोजचा नेम, बाकी जेवण घरी. पहिला चमचा तोंडात गेला आणि पुढचं सगळं एकदमच झालं. वन्संनी तो घास थेट बाहेरच्या हात धुवायच्या बेसिनमध्ये थुंकला, नळाखाली तोंड धरलं, चूळ भरली, पुन्हा भरली.

"मीठ! अगं बाई, मीठ आहे हे! नुसतं मीठ! तू चाखलं नाहीस?"

वहिनीने हातातल्या पुसलेल्या वाटीकडे पाहिलं.

"चाखलं की नाही?"

"काकांनी तर सगळं..."

दोघींनी एकदमच काकांच्या टेबलाकडे पाहिलं. काका तिसरा ग्लास पाणी पीत होते आणि रुमालाने नीट मिशा पुसत होते.

वन्सं ताडताड काकांकडे गेल्या. मागोमाग वहिनी. "काका, कस्टर्ड कसं होतं?"

"उत्तम," काका म्हणाले. मग दोघींचे चेहरे बघून जरा चपापले. "जिभेला जरा चुरचुरलं. मला वाटलं लिंबू घातलंय."

"काका, त्यात साखरेऐवजी मीठ आहे."

काकांनी ग्लास खाली ठेवला. घड्याळाचं मागचं झाकण उघडून आत बघावं तसं ते थोडा वेळ टेबलाकडे बघत राहिले. "मग सापडलो म्हणायचं," ते म्हणाले. "दीड वर्ष झालं. आजारपणात ती जबर इंजेक्शनं घेतली ना, तेव्हापासून मला काही लागत नाही. कागद खाल्ला काय, कोंबडी खाल्ली काय."

"मग रोज येता कशाला?" वन्संचा प्रश्न. दुसरं कोण विचारणार!

"घरी कुणासमोर जेवू? इथे गरम असतं, माणसं दिसतात." ते वहिनीकडे वळले. "आणि प्लेट पुसत होतो ती तुमच्यासाठी, वहिनी. दादा गेल्यापासून बघतोय, माझी प्लेट आत आली की तुम्ही आधी ती बघता. उरलेलं दिसलं असतं तर तुम्हाला लागलं असतं. म्हटलं, आपल्याला नाही कळत, त्यांचं मन कशाला मोडा?"

वहिनीला हसावं की रडावं ते कळेना, आणि मग तिला रडूच आलं. पाच आठवडे ती ज्याच्या डोळ्यांनी रस्ता ओलांडत होती तोही आंधळा निघाला होता. वर तिच्यावर दया करून.

"वन्सं," ती म्हणाली, "माझी चव गेलीय. तापापासून. वासही नाही. मला काही, काहीच लागत नाही."

वन्संनी तिच्याकडे पाहिलं. बारा वाजून अठरा मिनिटं झाली होती. वहिनीला वाटलं, आता आभाळ कोसळणार. कोसळलंच, पण भलत्याच बाजूने.

"पाच आठवडे!" वन्सं ओरडल्या. "पाच आठवडे तू या घड्याळजींच्या ताटावर विश्वास ठेवलास आणि घरातल्या माणसाच्या जिभेवर नाही? मी काय मेले होते? पाववाल्याला शिव्या घातल्या मी! चीजवाल्याला! दादाने तर मला आत घेतलंच नाही, आणि तूही नाही. माझी जीभ काय नुसती भांडायलाच दिलीय देवाने?"

"तुम्ही आचारी आणाल म्हणून..."

"आणणारच होते! कारण तू सांगितलं नाहीस!"

काकांनी हळूच घड्याळ दाखवलं. "बारा बावीस."

वन्संनी डोळ्याला एप्रन लावला, तो कशासाठी ते विचारायची कुणाची छाती नव्हती, आणि सरळ आत गेल्या. स्वयंपाकघराच्या त्या पायरीवर क्षणभर पाय अडला, मग पडला. पळी घेतली, सूप चाखलं. "खारट. प्यायलं तर माणूस दुपारभर नळाखाली बसेल. बिनमिठाचा स्टॉक आहे?"

"आहे. उकळलेल्या हाडांचं पाणी, मागच्या शेगडीवर."

"घाल."

वहिनीने चार पळ्या घातल्या. वन्संनी चाखलं. "अजून." तीन घातल्या. "अजून. थांब. थांब म्हटलं ना! आता एक." उकळी आणली. पुन्हा चाखलं. "चालेल." मासा चाखला, त्याला लोणी मागितलं. मोहरीच्या सॉसपाशी त्या म्हणाल्या, "हा टाकून दे, नवा कर, मी उभी आहे." कस्टर्डच्या वाट्या मोरीत गेल्या आणि फळ्यावरून कस्टर्ड पुसलं गेलं. साडेबाराला गर्दी सुरू झाली तेव्हा दोघींच्याही कपाळावर घाम होता. त्या दुपारी परिचारिकेने पाणी एकदाच मागितलं.

तीन वाजता आचारी आला. चांगला उंचापुरा माणूस, स्वतःच्या सुऱ्या कापडात गुंडाळून आणलेल्या. वहिनी आत भांडी लावत होती आणि कान बाहेर होते.

"जागा भरली," वन्सं त्याला म्हणाल्या.

"सकाळी तर रिकामी होती?"

"चाखणारी हवी होती. घरातच निघाली. कॉफी घ्या, उन्हातून आलात."

वहिनीच्या हातातलं झाकण खणकन खाली पडलं. 

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला काका आले खरे, पण दारातच घुटमळले. काल सापडले होते ना! वन्संनी त्यांना खुर्ची ओढून दिली. "बसा. आणि आजपासून पोटाला जाईल तेवढंच खा. नाटकं बंद."

सूप घेऊन वहिनी स्वतः बाहेर आली. दोन वाडगे होते. एक काकांपुढे ठेवला, दुसरा घेऊन ती समोर बसली. चार वर्षांत ती या खुर्च्यांवर कधी बसली नव्हती. वरचं चीज ताणलं गेलं, पावाचा तुकडा कुरकुरला. दोघांनी एकेक घोट घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं.

"गरम आहे," काका म्हणाले.

"हो. गरम आहे."

"कांदा आज लांब चिरलाय."

"तुम्हाला कळलं?"

"दातांना कळलं. दात माझे शाबूत आहेत."

वहिनी हसली, पण ते हसू टिकलं नाही. मीठ जमेल, मिठाला वन्सं होत्या. पण जे विचारायला ती पाच आठवडे घाबरत होती ते मीठ नव्हतंच. पातेल्यावर रोज वाकत होती आणि मागे कुणी उभं आहे असं वाटायचं बंद झालं होतं. तिने चमचा खाली ठेवला.

"वन्सं, जरा इकडे या. याची चव कशी लागते ते सांगा ना."

"सकाळीच तर सांगितलं, मीठ बरोबर आहे."

"मीठ नाही. सगळं सांगा."

वन्संनी तिच्याच वाडग्यातून एक चमचा घेतला. मग दुसरा घेतला. बाईला एरवी शब्द शोधावे लागत नाहीत, त्या दिवशी लागले.

"आधी गोड लागतं," त्या म्हणाल्या. "मग मिरी. मिरी जरा जास्त झालीय. आणि मग शेवटी, घशाशी जाताना, कडवट. अगदी कणभर. करपायला आला होता आणि कुणीतरी वेळेवर उतरवला, असं."

 चमचा तसाच हातात होता.

"दादाचं आहे, वहिनी," वन्सं म्हणाल्या. "अगदी दादाच्या हातचं आहे."

वहिनीने वाडगा जवळ ओढला आणि खाली मान घालून सगळं सूप प्यायली. मग टोपलीतला पावाचा तुकडा उचलला आणि वाडगा पुसून घेतला.